एकतिसावं नाव

१

ही वही अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितली. पहिल्या पानावर त्यांनीच दोन रकाने आखून दिले. एकात तारीख, दुसऱ्यात ‘काय विसरले’. रोज दोन ओळी लिहा म्हणाल्या. मी एसटीत कंडक्टर आहे, बावीस वर्षं बसभर ओरडत आले आहे, माझं दोन ओळींत भागत नाही. तेव्हा रकान्याबाहेरचंही लिहीन, डॉक्टरीणबाईंना नको असेल तर त्यांनी वाचू नये.

विसरणारे माझे वडील आहेत. जानराव महादू पडघान, वय अठ्ठ्याहत्तर, वाशिमकडच्या सगळ्या मालेगाव तालुक्याचे गुरुजी.

आमच्या घरी रोज सकाळी साडेसातला हजेरी होते. बाबा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसतात आणि समोरच्या भिंतीकडे बघत १९८४ सालच्या चौथीच्या वर्गाची हजेरी घेतात. एकतीस मुलं. हातात कागद नाही. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. प्रत्येक नावानंतर ‘हजर’ म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबतात, मग पुढचं नाव.

आईचं नाव लावायचं सरकारला सुचलं त्याच्या कितीतरी आधी बाबांना सुचलं होतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, पण शाळेत बाबांना हाक यायची ती ‘जान्या’ अशीच. मास्तर झाल्याच्या पहिल्या दिवशी बाबांनी ठरवलं, आपल्या वर्गात कुणाचंही नाव अर्धं घ्यायचं नाही. नाव अर्धं घेतलं का मानूस अर्धा होते, असं ते म्हणतात. गुरं चारणाऱ्याचं पोरगंही त्यांच्या वर्गात चार शब्दांचं नाव घेऊन बसायचं.

त्या वर्गात मीही होते. माझा नंबर एकतिसावा. स्वतःचं लेकरू शेवटी, म्हणजे गुरुजी पोरीला झुकतं माप देतात असं कुणी म्हणायला नको. ‘रत्नमाला भागिरथा जानराव पडघान’ असं पुढच्या खोलीतून आलं की मी पोळी तव्यावर टाकता टाकता ओरडायचे, “हजर, गुरुजी!” एरवी बाबा, हजेरीत गुरुजी. एक्कावन्न वर्षांची झाले, तरी त्या क्षणी माझी छाती फुगायची. सांगायला लाज कशाची?

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी ते तिसाव्या नावाला थांबले आणि उठून गेले. मी पोळी हातात घेऊन वाट बघत राहिले. पोळी करपली.

२

फेब्रुवारीपर्यंत आणखी सात नावं गळाली. सतीश, माझा धाकटा भाऊ, वाशिमला नोकरीला आहे. तो म्हणाला, आता फोटो काढून घेऊ डोक्याचा. अकोल्याला गेलो.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावली. “हा भाग नव्या-जुन्या आठवणींचं काम बघतो. वय झालं की सगळ्यांचाच थोडा आकसतो. यांचा जास्त आकसला आहे.” मग माझं तोंड बघून म्हणाल्या, “पण फिल्म आणि माणूस जुळतातच असं नाही. काहींचा मेंदू याहून आकसलेला असतो आणि ते खुशाल बाजारहाट करतात. काहींचा थोडाच आकसतो आणि त्यांना घराचा रस्ता सापडत नाही. शिक्षण, वाचन, रोजचा सराव यांनी एक राखीव साठा तयार होतो, असं मानतात. मूळचं कमी पडलं की माणूस त्याच्यावर चालतो.”

“तो साठा असतो कुठं?” मी विचारलं.

त्या हसल्या. “एका जागी बोट ठेवून नाही दाखवता येणार.”

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. हात मांडीवर, नजर बाहेर. मी त्यांचा हात धरला आणि मला रडू फुटलं. बावीस वर्षांत बसमध्ये मी रडले नव्हते. म्हटलं, “बाबा, तुमचं संपलं असन तर माह्यातलं घ्या. लागते तेवढं घ्या. पन विसरू नका.”

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. वर्गात खोडरबर मागणाऱ्या पोराला ते आधी विचारायचे, ज्याचं आहे त्याला विचारलं का? अगदी त्याच सुरात त्यांनी विचारलं, “देशीन?”

“देईन.”

“बरं,” ते म्हणाले, आणि उरलेला रस्ता शांत झोपले.

३

दुसऱ्या आठवड्यात एक नाव परत आलं. ‘पुंजाजी गोजराबाई किसन खिल्लारे.’ मी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, “पुलापाशी राह्यचा तो. पावसाळ्यात त्याचा बाप त्याले खांद्यावर आनून सोडे.” मी वहीत लिहिलं : आज काही विसरले नाहीत, उलट एक आठवलं.

त्याच दिवशी माझी ड्यूटी मालेगाव-शिरपूर होती. हा रस्ता मला तोंडपाठ आहे. धक्क्यावरून कळतं कुठं आलो ते. बस चालली होती आणि मागून लोक ओरडायला लागले. “ओ म्याडम, घंटी मारा ना! आमचा थांबा गेला!” मी दोरी ओढली. दहा-बारा माणसं शिव्या देत उतरली. मागे वळून बघितलं तर रस्त्यात एक पूल होता, खाली वाळलेला नाला, काठावर लिंबाचं झाड. चांगली जागा होती. मी ती पहिल्यांदाच बघत होते.

ड्रायव्हर रामधन अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे. त्यानं आरशातून बघितलं. “काय झालं ताई? पुलाचा थांबा इसरल्या काय?”

“झोप नाही झाली रे,” मी म्हणाले. खरंच झाली नसेल. घरात आजारी माणूस असलं की असं होतं, हे कुणीही सांगेल.

मार्चमध्ये आणखी तीन नावं आली. निता तुळसाबाई मारोतराव ढोके आली तेव्हा बाबांनी तिच्या फ्रॉकचा रंगसुद्धा सांगितला. मी गल्लीत सांगत फिरले. डॉक्टरांची फिल्म एक बोलते आणि आमचे गुरुजी दुसरं, असं म्हणताना मला काय अभिमान वाटायचा! त्याच महिन्यात मी ज्वारीची भाकर थापायला बसले आणि पीठ भिजवून नुसती बघत राहिले. हात पुढं काय करतात ते हातांना माहीत नव्हतं. शेवटी पोळ्या केल्या.

४

आता लिहिते आहे ते नीट लिहायला हवं.

माझी आई भागिरथा एकवीस वर्षांपूर्वी वाशिमच्या दवाखान्यात गेली. बाबा त्या दिवशी निवडणुकीच्या ड्यूटीवर होते. शेवटी तिच्याजवळ मी एकटी होते. जाताना ती काहीतरी बोलली, आणि ते मी बाबांना कधी सांगितलं नाही. सतीशला नाही, कुणालाच नाही. ते आले नाहीत याचा मला राग होता. राग गेला तरी हट्ट राहिला.

काल हजेरी संपल्यावर बाबा खुर्चीतून उठलेच नाहीत. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मी गेले तर म्हणाले, “भागिरथा म्हने का, तुह्या बापाचा सदरा खुंटीवर हाये, त्याचं वरचं बटन तुटलं. लावून दे, सायबाइसमोर तसाच जाईन तो.” आणि सदऱ्याचं वरचं बटन त्यांनी दोन बोटांत धरलं. “मरतानी बी माह्या बटनाची काळजी केली तिनं.”

“हे तुमाले कोनं सांगतलं?”

“तूच त सांगतलं.”

मी सांगितलं नव्हतं. सांगायचं नव्हतंच मला. मग मी ओट्याशी जाऊन आईचं शेवटचं बोलणं आठवायला लागले. खोली दिसते. हिरवा पडदा, लोखंडी स्टूल, सलाइनच्या बाटलीवर चिकटवलेली पट्टी. आईचे ओठ हलतात. आवाज नाही. मी कान जवळ नेते, मला तिच्या तोंडाचा वाससुद्धा येतो, पण आवाज नाही. एकवीस वर्षं मी काहीतरी धरून ठेवलं होतं, एवढं पक्कं आठवतं. हट्ट आठवतो. काय धरलं होतं ते नाही.

बटणाचं खरं असेल. ती तशीच होती म्हणतात.

मी रकान्यात लिहिलं : काही विसरले नाहीत.

५

मे महिन्यात पुन्हा अकोला. नवी फिल्म. डॉक्टरीणबाईंनी जुनी आणि नवी शेजारी लावल्या. मग त्यांनी बाबांना शब्द सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले, चित्रं दाखवली. बाबांनी सगळं फटाफट सांगितलं. वर बाईंना विचारलं, “तुमचं पूर्ण नाव काय? आईच्या नावासगट सांगा.”

“आधीपेक्षा आणखी आकसला आहे,” बाई मला म्हणाल्या. “आणि हे आधीपेक्षा चांगले आहेत. असं उलटं मी पाहिलं नाही.” त्यांनी वही चाळली. दुसऱ्या रकान्यात पानापानावर ‘काही विसरले नाहीत’. “घरी यांच्याजवळ कोण असतं?”

“मी.”

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडं बघितलं. “तुमचं कसं चाललं आहे? आज वार कोणता?”

मला हसू आलं. पेशंट मी नव्हते. मी तसं बोलून दाखवलं आणि बाबांचा हात धरून बाहेर आले. बाहेर आल्यावर फळवाल्याला वार विचारला. गुरुवार होता.

घरी आलो तर निताचा फोन. तीच निता, आता लातूरला असते. चौथीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला आहे, पंधरा जूनला गावच्या शाळेत स्नेहमेळावा. गुरुजींनी स्टेजवर हजेरी घ्यायची, पूर्वीसारखी, कागदाशिवाय. सगळे हजर म्हणणार.

सतीश धावत आला. “ताई, त्याइले नको नेऊ. अर्ध्यात अडकले त लोक पाह्यत बसतीन. जिंदगीभर कमावलेली इज्जत एका माइकवर जाईन.”

“नाही अडकत. बाबा सगळं सांगतेत.”

“आन तू?” सतीश म्हणाला. “मंजुषा म्हने, ताईनं काल फोनवर तिले इचारलं, तुमी कोन बोलून राह्यल्या?”

मंजुषा त्याची बायको आहे. फोन खराब असेल. मी त्याला म्हणाले, “तुले बापाचा अभिमान नसन त घरी बस. मी नेते त्याइले.”

६

दोन जून, दुपारचे तीन. हे मी झाल्याबरोबर लिहिते आहे.

सुट्टी होती. जेवून मधल्या खोलीत चटईवर पडले. कूलर चालू होता. त्याच्या आवाजात डोळा लागला, आणि मग कूलरचा आवाज कमी झाला आणि त्याखाली दुसरा आवाज ऐकू आला. बायकी, सपाट, न थांबणारा. लहान पोर पाठ केलेलं म्हणतं तसा. “मंग मी सातवीत नापास झाली, मंग आईनं मले मारलं नाही, मंग आईनं गूळ-शेंगदाने देले, मंग आमी दोघी ओट्यावर बसलो.”

“पुढं?” अगदी कानाजवळ कुणीतरी विचारलं.

“मंग आईनं इचारलं, तुले काय व्हायचं हाये.”

“पुढं?”

मी डोळे उघडले. बाबा माझ्या उशाशी उकिडवे बसले होते, कान माझ्या तोंडाजवळ, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर राग नाही, लोभ नाही. पोरगं बरोबर उत्तर देत असताना त्यांचा जसा चेहरा व्हायचा तसा, कौतुकाचा.

आणि बोलत होते ते माझे ओठ. मी जागी होते, मला ते हलताना कळत होते, आणि मी ते थांबवू शकत नव्हते.

“शाबास,” बाबा म्हणाले, आणि ओठ बंद झाले.

ओट्यावर बसून आईनं काय विचारलं होतं, ते मी आत्ता वरती लिहिलेलं वाचून तुम्हाला सांगू शकते. एवढंच.

७

त्याच संध्याकाळी चहा पिताना बाबांनीच विषय काढला. मी दाराच्या चौकटीत उभी होते. खोलीत यायची मला भीती वाटत होती, आणि बापाची भीती वाटते याची लाज वाटत होती.

“रत्ना, म्या इचारलं होतं ना तुले? चोरून नाही घेतलं.”

“इचारलं होतं.”

“थांबू का मंग? तू म्हनशीन त थांबतो.” त्यांनी कप खाली ठेवला. “तीस नावं झाले. एक येत नाही. शेवटचं. पोरगी होती, दोन वेन्या, पहिल्या बाकावर बसे. लय हुशार. तिचं नाव काही येत नाही मले. तिच्याजवळच असन ते.”

त्यांनी मला रत्ना म्हणून हाक मारली होती, आणि त्या पोरीचं नाव मागत होते. हाक मारायला अर्धं नाव पुरतं. हजेरीला पुरत नाही. सात महिने मी ते चार शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

मी विचार करून सांगते, असं म्हणाले. बारा दिवस विचार केला. ड्यूटी केली, रामधन प्रत्येक थांब्याचं नाव आधी पुटपुटायचा, मी घंटी मारायची. देव माणूस आहे. सतीशला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? बाप आठवणी खातो? हसला असता, किंवा मलाच अकोल्याला नेलं असतं. मी स्वतःची समजूत घातली. मला जे झालंय ते वयाचं असेल, आईच्या माहेरी होतंच असं. ती दुपार स्वप्न असेल. बाबा आहेत ते त्यांच्या सरावामुळे, साठ्यामुळे. सगळं नीट जुळतं. फक्त खोलीत गेले की जुळत नाही.

थांबा म्हटलं तर ते तीस नावांवर अडकतील, साऱ्या गावासमोर, माइकवर. ज्या माणसानं एकाही लेकराचं नाव अर्धं घेतलं नाही, त्याची स्वतःची हजेरी अपुरी राहील. आणि राहिलेलं नाव माझं असेल.

मला ते नाव ऐकायचं होतं. खरं तेच आहे. लोकांसमोर, त्यांच्या आवाजात, पूर्ण.

आज चौदा तारीख. सकाळी त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. म्हटलं, “घ्या गुरुजी. सांगते.”

त्यांनी कान जवळ आणला. “पुढं?”

८

आज स्नेहमेळावा झाला. वही टेबलावर होती, म्हणून लिहिते.

शाळेचं पटांगण झाडून पाणी शिंपडलं होतं. निळा मांडव, खुर्च्या, मागे मसालेभाताचा वास. मी पहिल्या रांगेत, शेजारी सतीश. गुरुजींना दोघांनी धरून स्टेजवर नेलं. पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं. त्यांनी माइक जवळ घेतला आणि कागदाशिवाय सुरुवात केली.

असं काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही. एकेक नाव, आईसकट, बापासकट. पन्नाशीची माणसं उभी राहून “हजर, गुरुजी” म्हणत होती आणि डोळे पुसत होती. पुंजाजी नावाच्या एका टकल्या माणसाला तर ‘हजर’सुद्धा म्हणता येईना. दोघं वारले होते, त्यांच्या नावाला त्यांची मुलं उभी राहिली. कुठं अडकणं नाही, चाचरणं नाही. माझी छाती भरून आली. का ते सांगता येत नाही, पण हा माणूस आपला आहे असं वाटत होतं.

तीस झाली. गुरुजी थांबले. मग मान वर करून, आधीच्या सगळ्या नावांपेक्षा मोठ्यानं म्हणाले :

“रत्नमाला भागिरथा जानराव पडघान.”

काय नाव होतं! मांडवभर घुमलं. नाव असावं तर असं.

कुणी उठलं नाही.

गुरुजी वाट बघत होते. ‘हजर’ला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. सगळे लोक आमच्या बाजूला बघायला लागले, म्हणून मीही मागे वळून बघितलं. मागे निता नावाची एक बाई तोंडावर हात धरून उभी होती, तिचा नंबर तर होऊन गेला होता. कुणीतरी म्हणालं, गुरुजींची मुलगी आहे ती. मला संताप आला. असा बाप, भर मांडवात तुझं पूर्ण नाव घेतो, आणि तुला यायला होत नाही? सतीश माझा दंड हलवत होता. “ताई, म्हन ना. ताई, तुह्यासाठी थांबले ते.”

म्हातारा माणूस तसाच उभा होता. कुणीतरी काही म्हणायलाच हवं होतं. माझा आवाज मोठा आहे, तो कुठून असा झाला कोण जाणे. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं :

“गैरहजर, गुरुजी.”

टाळ्या वाजल्या नाहीत. गुरुजी खुर्चीत बसले आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण दोन बोटांत धरलं. मग आम्हाला गाडीतून इथं आणलं. ते आता पुढच्या खोलीत आहेत. भिंतीकडं तोंड करून तेच एक नाव पुन्हा पुन्हा घेत आहेत, आणि प्रत्येक वेळी थांबत आहेत. आवाज स्पष्ट आहे. ऐकत राहावंसं वाटतं.

वहीत दोन रकाने आहेत, कुणीतरी भरायला सांगितले असतील, तर भरते.

पंधरा जून. काय विसरले : काहीही नाही. एकतीसच्या एकतीस नावं बरोबर. ती पोरगी आली नाही, यात त्यांचा काही दोष नाही.